लिव्हिंगस्टनहून जोहान्सबर्ग: परतीच्या वाटेवर सावुती घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जोहान्सबर्गला राहणारं एक मराठी कुटुंब सप्टेंबरच्या शेवटी, शाळांच्या सुट्टीत, व्हिक्टोरिया धबधबा बघायला स्वतःच्या गाडीनं झांबियातल्या लिव्हिंगस्टनपर्यंत जाणार आहे. जाताना सरळ डांबरी रस्ता. येताना मात्र बोत्सवानातल्या कासाने, सावुती, मोरेमी, माउन असं रानातून फिरत पाच दिवसांत घरी पोचायचं. गाडी एकच, फॉर्च्युनर फोर बाय फोर, टपावर तंबू. बरोबर पत्नी, 9 आणि 6 वर्षांची मुलं आणि 68 वर्षांची आई. आई शाकाहारी. वाळूत गाडी चालवायचा अनुभव नाही. "जमेल का, आणि काळजी कशाची घ्यावी?"

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. या आखणीत सावुती आणि मोरेमी घालू नका. पाचच दिवस असतील तर कासाने, नाटाच्या अलीकडचा हत्तींचा पाणवठा आणि सेरोवेजवळचं गेंड्यांचं अभयारण्य असे तीन मुक्काम करत डांबरी रस्त्यानं घरी या. रान भरपूर बघून होईल आणि आईंचेही हाल होणार नाहीत. सावुती करायचंच असेल तर आठ दिवस काढा आणि दुसरी गाडी बरोबर घ्या. हे दोन्ही जमत नसेल तर सावुती पुढच्या वर्षी करा.

मी बोत्सवानाच्या राजधानीत, गाबोरोनीत राहते त्याला 22 वर्षं झाली. आधी नवऱ्याबरोबर, मग मुलं मागच्या सीटवर घेऊन, आणि अलीकडची बरीच वर्षं ओळखीच्या कुटुंबांच्या तीन-चार गाड्या सोबत घेऊन हा रस्ता मी करत आले आहे. एक गोष्ट दर वेळी दिसते. लोक जाण्याची आखणी जिवापाड करतात आणि परतीला उरलेसुरले दिवस देतात. मी पाहिलेले जवळजवळ सगळे अपघात परतीचे आहेत. घरची ओढ असते, सोमवारची शाळा असते, शिधा संपत आलेला असतो, आणि "आता काय, डांबरी रस्ताच तर आहे" असं म्हणून माणूस अंधारात गाडी हाकतो. म्हणून तुमचा प्रश्न वाचताना मी जनावरांच्या आधी दिवस मोजले.

तुम्हीही मोजून बघा. लिव्हिंगस्टनहून सीमेवरचं कझुंगुला साठ-पासष्ट किलोमीटर. सीमा ओलांडून कासानेत पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. कासाने ते सावुती जेमतेम 170 किलोमीटर, पण त्याला पाच-सहा तास लागतात, कारण शेवटचा टप्पा खोल वाळूचा आहे. सावुती ते मोरेमीच्या वेशीवरचं ख्वाई आणखी चार ते सहा तास. ख्वाईहून माउन अर्धा दिवस. आणि माउनला पोचलात की घर जवळ आलं असं वाटतं, तिथेच फसगत होते. माउन ते नाटा 300, नाटा ते फ्रान्सिसटाउन 190, तिथून पालाप्ये 160, मार्टिन्स ड्रिफ्टची सीमा आणखी शंभरेक, आणि सीमेपासून जोहान्सबर्ग चारशेच्या आसपास. म्हणजे माउनपासून अकराशेहून जास्त किलोमीटर, नीट चालवलं तर दोन दिवस. सगळं मिळून सहा दिवस, तेही कुठेही एक जादा रात्र न थांबता, एकही टायर न फुटता. तुमच्या पाच दिवसांत हे अंधारात गाडी चालवल्याशिवाय बसतच नाही.

आता माझी आखणी. पहिल्या दिवशी सकाळी लिव्हिंगस्टन सोडा. झाम्बेझीवरचा कझुंगुला पूल 2021च्या मे महिन्यात सुरू झाला. त्याआधी इथे तराफ्यासारख्या फेरीची वाट बघत मालट्रक दिवसच्या दिवस उभे असत. 923 मीटरचा हा पूल सरळ नाही, मुद्दाम वळवलेला आहे, कारण नदीच्या मधोमध झांबिया आणि बोत्सवानाची सामाईक सीमा जेमतेम दीडशे मीटरची आहे आणि सरळ बांधला असता तर तो झिम्बाब्वेच्या हद्दीत शिरला असता. मुलांना हे नकाशावर आधी दाखवा, पुलावर त्यांना मजा येईल. दोन्ही देशांचे काउंटर एकाच इमारतीत आहेत, तरी दोन तास धरा. झांबियात शिरताना गाडीचा जो तात्पुरता आयात परवाना मिळाला असेल, तो बाहेर पडताना शिक्का मारून बंद करून घ्या. घाईत हे राहून जातं आणि पुढच्या वेळी गाडी अडते. गाडी बँकेच्या कर्जावर असेल तर बँकेचं पत्र, मुलांचे जन्मदाखले आणि भारतीय पासपोर्ट असतील तर बोत्सवानाचा व्हिसा निघण्याआधीच हातात हवा. काउंटरवर काम सांगण्याआधी बाई असेल तर "डुमेला म्मा", पुरुष असेल तर "डुमेला रा" म्हणा आणि समोरच्याचं उत्तर येऊ द्या. इथे नमस्कार न करता कामाचं बोलणं उद्धटपणा समजतात. मुलांनाही शिकवा.

कासानेत दोन रात्री राहा आणि तिथे तंबू उघडू नका. भिंतीची खोली घ्या. टपावरच्या तंबूची शिडी 68व्या वर्षी रात्री दोनदा उतरायची म्हणजे काय, याचा विचार घरी बसून होत नाही. शिवाय ती उतरल्यावर खाली कोण उभं असेल हे अंधारात दिसत नाही. नदीकाठच्या हिरवळीवर पाणघोडे रात्री चरायला येतात, अगदी लॉजच्या आवारातसुद्धा. पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये माणूस सापडला की पाणघोडा वाट बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चोबे राष्ट्रीय उद्यानात नदीकाठी स्वतःच्या गाडीनं किंवा तिथल्या गाइडच्या उघड्या जीपनं जा, आणि दुपारी तीनच्या सुमारास बोट घ्या. बोट चुकवू नका. आईंसाठी मी या अख्ख्या प्रवासातून एकच गोष्ट निवडायची म्हटली तर ती बोट. सप्टेंबरअखेर आतल्या रानातलं पाणी आटलेलं असतं आणि दुपार कलली की हत्तींचे कळप नदीवर उतरतात. मधल्या सेडुडु बेटावर म्हशी आणि हत्ती पोहत जातात. पिल्लांची फक्त सोंड पाण्यावर दिसते आणि आई मागून कपाळानं ढकलत असते. या बेटावरून नामिबिया आणि बोत्सवानात वाद होता, तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 1999 साली बोत्सवानाच्या बाजूनं निकालात काढला. बसल्या जागी, सावलीत, कमरेला हादरे न बसता एवढं सगळं दिसतं. सावुतीच्या वाळूत सहा तास आदळत गेल्यावर आईंना त्याहून जास्त काही दिसेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी कासाने ते नाटा हा 300 किलोमीटरचा रस्ता. नकाशावर कंटाळवाणी सरळ रेघ, पण दोन्ही बाजूंना राखीव वनं आहेत आणि मध्ये कुंपण नाही. 2022च्या हवाई गणनेत बोत्सवाना, नामिबिया, झांबिया, झिम्बाब्वे आणि अंगोला या पाच देशांच्या सलग रानात सुमारे 2 लाख 28 हजार हत्ती मोजले गेले. त्यातले 1 लाख 32 हजारांच्या आसपास एकट्या बोत्सवानात. ते काही सगळे पार्कच्या आत बसून राहत नाहीत. या रस्त्यावर 120ची पाटी असली तरी मी 90च्या वर जात नाही. हत्ती करडा, सावली करडी, डांबर करडं. एवढं मोठं जनावर झुडपातून बाहेर पडेपर्यंत दिसत नाही.

हत्तींबद्दल जरा सविस्तर लिहिते. याच रस्त्यावर पांडामाटेंगा गावाच्या पुढे एकदा माझ्यासमोर कळप रस्ता ओलांडत होता. मी बरीच लांब थांबले, इंजिन चालू, हात गिअरवर. सात-आठ हत्ती गेले, मध्ये पिल्लं, आणि एक मादी डांबराच्या मधोमध उभी राहिली. ती आधी आमच्याकडे बघतही नव्हती. पुढचा एक पाय जमिनीला न टेकवता नुसता मागेपुढे झुलवत होती, जणू पाऊल टाकावं की नाही ठरत नाहीये. सोंडेचं टोक वर करून तिनं आमच्या दिशेचा वास घेतला. तेवढ्यात मागून एक ट्रक आला आणि त्यानं हॉर्न दाबला. मादीचे दोन्ही कान एकदम पसरले, डोकं वर गेलं, आणि ती चार-पाच पावलं धावत आली. धूळ आमच्या बॉनेटपर्यंत आली. मी हॉर्न दिला नाही, दिवे मारले नाहीत, धोक्याचे चारी दिवे लावून सावकाश मागे सरकत राहिले. ती थांबली, डोकं जोरात झटकलं, कान फटकन अंगावर आपटल्याचा आवाज आला, आणि वळून पिल्लांमागे गेली. गाडीत माझी मुलगी होती, ती पुढे अर्धा तास बोलली नाही.

तो झुलणारा पाय हीच पहिली सूचना असते. उगाच माती उकरणं, गवत तोंडात न घालता नुसतं तोडणं, हेही तसंच. हत्ती अस्वस्थ आहे आणि त्याचं ठरत नाहीये. तेव्हाच मागे व्हा. कान पसरून, डोकं उंच धरून, तुतारी फुंकत येतो तो बहुतेक वेळा भीती दाखवायला येतो. कान मागे चिकटवून, सोंड आत गुंडाळून, मुकाट येतो तो खरा. माजावर आलेला नर ओळखायला मराठी माणसाला शब्द शोधावे लागत नाहीत: गंडस्थळातून मद गळत असतो, गालांवर काळे ओघळ दिसतात, मागचे पाय सतत ठिबकणाऱ्या लघवीनं ओले असतात आणि उग्र वास वाऱ्यावर आधीच येतो. तसा दिसला तर फोटो नको, वाट सोडा. कुठलाही कळप जाऊन संपला असं वाटल्यावरही दोन मिनिटं थांबा, शेवटचं पिल्लू बरेचदा मागे राहिलेलं असतं. आणि मधून गाडी काढणं कधीच नाही, आई-पिल्लाच्या मधून तर मुळीच नाही.

नाटाच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर एलिफंट सॅन्ड्स म्हणून मुक्कामाची जागा आहे. कुंपण नाही, मधोमध पाणवठा, भोवती खोल्या आणि तंबूच्या जागा. सप्टेंबरच्या संध्याकाळी तिथे हत्तींची रीघ लागते, खुर्चीत बसून त्यांच्या पोटातली गुडगुड ऐकू येते. तिसरी रात्र तिथे. मुलांना एकच नियम सांगा: खोलीतून जेवणाच्या जागेपर्यंत जायचं ते मोठ्या माणसाचा हात धरून आणि तिथल्या माणसांना विचारून. धावायचं नाही. इथे एक गोष्ट आवर्जून: गाडीत संत्री, मोसंबी ठेवू नका. लिंबूवर्गीय फळांचा वास हत्तीला लांबून येतो आणि तो फळ मिळवायला काच फोडायलाही मागेपुढे बघत नाही. ती कासानेतच संपवा.

चौथा दिवस लांब पण सोपा. नाटा, फ्रान्सिसटाउन, पालाप्ये, सेरोवे, मिळून साडेचारशेच्या आसपास. नाटानंतर डुक्वीला पशुवैद्यकीय कुंपणाचं ठाणं लागतं. उत्तरेकडच्या रानम्हशींमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाचे विषाणू असतात; दक्षिणेतल्या गाईगुरांना तो होऊ नये म्हणून देशभर ही कुंपणं 1950च्या दशकापासून घातली गेली, कारण बोत्सवानाचं गोमांस युरोपला जातं आणि रोग फैलावला तर ते बंद होतं. इथे गाडी थांबवून आईसबॉक्स उघडायला सांगतात. कच्चं मांस आणि कच्चं दूध दक्षिणेकडे नेता येत नाही. सगळ्यांना उतरून औषधात भिजवलेल्या गोणपाटावर पाय ठेवून चालावं लागतं, कधी गाडीतले जादाचे बूटही बाहेर काढायला लावतात. आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे चप्पल ओली करायला का लावतात असं वाटणार नाही. तुमचा शाकाहारी शिधा इथे सहसा अडत नाही. भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, पापड, लसणाची चटणी एवढ्यावर आमचे आठ-आठ दिवस निघाले आहेत, आणि मेतकूट-भात तर पाच मिनिटांत होतो. ताज्या भाज्या-फळांचे नियम मात्र देशादेशांच्या सीमेवर बदलत राहतात. कांदे-बटाटे ज्या देशात लागतील त्याच देशात घ्या.

मुलं रानात पिसं, साळिंदराचे काटे, हाडं, शहामृगाच्या अंड्याची टरफलं गोळा करतात. ठाण्यावर पोचायच्या आधी नाही, उचलतानाच थांबवा. पार्कमधून काहीही बाहेर न्यायला परवानगी नाही.

चौथी रात्र खामा ऱ्हायनो सॅन्क्चुअरी. सेरोवेजवळच्या गावकऱ्यांनी 1992 साली गेंडे वाचवण्यासाठी उभी केलेली जागा. सेरोवे हे बोत्सवानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांचं गाव. पांढरे आणि काळे दोन्ही गेंडे तिथे आहेत, साध्या नीटनेटक्या खोल्या आहेत. आतले रस्ते वाळूचे आहेत, पण सपाट आणि लहान. तुम्हाला वाळूची सवय करायची असेल तर ती इथे करा. टायरमधली हवा कमी करून चालवून बघा. रुतलात तरी मदत हाकेच्या अंतरावर असते.

पाचवा दिवस घरचा. पण त्याआधी सावुतीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात मन तिथेच अडकलेलं दिसतं, आणि ते साहजिक आहे. मलाही ती जागा फार प्रिय आहे. सावुतीचा ओढा 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आटला आणि जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा वाहू लागला. पाणी कधी येईल, कधी जाईल हे कुणाच्या हातात नाही. पुढचं मोरेमी 1963 साली बाटावाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर राखून ठेवलं. राजा वारला होता आणि त्याची पत्नी एलिझाबेथ पुलाने मोरेमी कारभार बघत होत्या. अशा जागेला घाईघाईत उरकून टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

तर सावुतीला जाल तेव्हा. कासानेतून न्गोमापर्यंत डांबर, पुढे काचिकाऊपर्यंतही डांबर. काचिकाऊ संपलं की वाळू. तिथेच गाडी बाजूला घ्या आणि टायरची हवा उतरवा. भरलेल्या गाडीत तुम्ही डांबरावर 2.2-2.4 बार ठेवत असाल, ती 1.4 वर आणा. तरी गाडी ओढत असेल तर 1.2. टायर जमिनीवर पसरतो, लांब होतो, आणि वाळू कापण्याऐवजी तिच्यावरून चालतो. या हवेवर 40च्या वर जायचं नाही आणि झटकन वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. म्हणून चांगला कंप्रेसर हवाच, पुन्हा डांबर लागल्यावर हवा भरायला.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही कासानेतून उशिरा निघालो आणि भर बाराला त्या वाळूत शिरलो. हवा उतरवायचा कंटाळा केला, "बघू पुढे" म्हटलं. चढावर गाडी मंदावली, नवऱ्यानं अॅक्सिलरेटर दाबला, आणि चारही चाकं जागच्या जागी फिरून गाडी पोटावर बसली. मी खाली गुडघ्यावर बसून हातानं वाळू उपसायला लागले. वरची वाळू भाजत होती आणि जितकी काढावी तितकी बाजूनं पिठासारखी ओघळून खड्ड्यात येत होती. चेसिसखाली हात घालून गिअरबॉक्सभोवतीची वाळू मोकळी केली, मग एकेका टायरच्या व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून हवा सोडली. आम्हाला तेव्हा गेज वाचायचाही धीर नव्हता. दोन तास गेले. पाठीमागे झुडपात काय आहे ते बघायला एक माणूस कायम उभा. रिव्हर्स लावून, आपल्याच चाकोरीतून, आल्या वाटेनं गाडी मागे निघाली. तेव्हापासून मी वाळूत सकाळी आठाच्या आत शिरते. रात्रीच्या गारव्यानं कण घट्ट बसलेले असतात; दुपारी तीच वाळू सुटी होते. आणि गाडी मंदावली की दाबायचं नाही, सोडायचं. चाक एकदा जागेवर फिरलं की प्रत्येक फेरीला खड्डा खोल होतो.

दुसरी गाडी का, ते इथे कळतं. ओढून काढणारं कुणी असेल तर हेच काम वीस मिनिटांचं. पण पट्टा बांधायचा तो चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच. ट्रेलर लावायच्या गोळ्याला बांधून झटका दिला तर तो गोळा तुटून तोफगोळ्यासारखा उडतो, माणसं यानं मेली आहेत. मोबाइलला रेंज नाही, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा मेसेज पाठवणारं यंत्र भाड्यानं घ्या. डिझेल कासानेत काठोकाठ भरा. माउनपर्यंत मध्ये भरवशाचा पंप नाही. फॉर्च्युनरची टाकी 80 लिटरची, वाळूत गाडी शंभर किलोमीटरला 15 लिटर सहज पिते, आणि जनावरं बघत फिरणं धरून साडेपाचशे किलोमीटर होतात. गणित अगदी काठावर बसतं, म्हणजे 40 लिटर कॅनमध्ये हवं. पाणी माणशी रोज पाच लिटर, शिवाय गाडीचं वेगळं. नदीवर पाणी भरायला कुणीही वाकू नये, मगरी असतात.

गवत उंच असेल तिथे दर तासाला उतरून गाडीखाली बघा. वाळलं गवत एक्झॉस्टभोवती गुंडाळलं जातं आणि पेट घेतं; रेडिएटरही बियांनी बुजतो. मुक्कामाच्या जागा महिनोन्महिने आधी राखून घ्याव्या लागतात, ऐन वेळी गेटवर मिळत नाहीत. तिथे कुंपण नसतं. सावुतीत तर संडास-बाथरूमभोवती हत्तींपासून बचावासाठी किल्ल्यासारखी भिंत घातलेली आहे, कारण ते पाण्याचे नळ उपटत. संध्याकाळी जेवण आवरलं की अन्न, भांडी, कचरा सगळं गाडीत बंद, आणि चपलासुद्धा. तरस चामड्याची चप्पल पळवतो. रात्री लघवीला उतरायचं नाही, तंबूत झाकणाचा डबा ठेवायचा. आईंना त्या मुक्कामांवर नेण्याआधी हे त्यांना स्पष्ट सांगून त्यांचं मत विचारा.

आता घरचा दिवस. सहा वाजता निघा. आफ्रिकेच्या या पट्ट्यात संधिप्रकाश फार थोडा टिकतो; सप्टेंबरअखेर सव्वासहाला सूर्य टेकला की अर्ध्या तासात काळोख. गाढवं, गाई, बकऱ्या मोकळ्या असतात आणि रात्री गारव्यात गाढवं उबदार डांबरावर येऊन उभी राहतात, दिव्याच्या झोतात डोळा चमकेपर्यंत दिसत नाहीत. ग्वेटा आणि नाटाच्या मध्ये एकदा संध्याकाळी आम्ही एका गाढवाला हातभर अंतरानं चुकवलं. त्यानं मानही वळवली नव्हती. कुडू हरीण तर उलट दिव्याकडे उडी मारतं, आणि अडीचशे किलोचं जनावर काचेतून आत येतं. म्हणून चारही दिवस पाच वाजता गाडी थांबलेली असली पाहिजे. गावातून जाताना 60ची मर्यादा काटेकोर पाळा, पोलीस कॅमेरा घेऊन झाडाखाली बसलेले असतात.

मार्टिन्स ड्रिफ्टची सीमा सकाळी 6 ते रात्री 10 उघडी असते. पलीकडे तिचं नाव ग्रोब्लर्सब्रुग, मध्ये लिंपोपो, सप्टेंबरमध्ये तिच्यात बहुधा वाळूच दिसते. सुट्टी संपायच्या रविवारी दुपारी ट्रकांची आणि घरी परतणाऱ्यांची रांग लागते. शनिवारी पोचा, किंवा रविवारी सकाळी दहाच्या आत. पलीकडे एन-11नं मोकोपाने, मग एन-1. पाळीपाळीनं चालवा, दर दोन तासांनी थांबा. मुलं झोपतील. तुम्हालाही झोप येईल, आणि ती याच शेवटच्या चारशे किलोमीटरमध्ये येते.

मलेरियाचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तो घरी पोचल्यावर निघतो. उत्तर बोत्सवाना आणि लिव्हिंगस्टन दोन्ही मलेरियाचे भाग आहेत. सप्टेंबरमध्ये डास कमी असतात, नसतात असं नाही. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. धाकट्याला डॉक्सिसायक्लीन चालत नाही, ते आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. त्याला वजनाप्रमाणे अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलची मुलांची गोळी मिळते. आईंच्या रोजच्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलची गोळी घरी आल्यावरही सात दिवस चालू ठेवायची असते, आणि डॉक्सिसायक्लीन घेतली तर चार आठवडे. लोक गोळ्यासुद्धा परतल्याच्या आनंदात सोडून देतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत घरात कुणालाही ताप आला, तर तो फ्लू समजून पॅरासिटामॉल देत बसू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि डॉक्टरांना लक्षणं सांगायच्या आधी चोबेहून आल्याचं सांगा.